अश्विनी पोनप्पाचे अश्रू आणि दीड कोटींचा कागद

दुहेरीवाली (१४ ऑगस्ट २०२४)

३० जुलैचा ऑलिंपिकमधला बॅडमिंटनच्या महिला दुहेरीचा सामना मी मोबाइलवर पाहिला. पॅरिसमधलं ला शापेलचं कोर्ट, समोर ऑस्ट्रेलियाच्या सेत्याना मापासा आणि अँजेला यू. १५-२१, १०-२१. आपल्या अश्विनी पोनप्पा आणि तनिशा क्रास्टो यांचा गटातला तिसरा सामना आणि तिसरा पराभव. आधीचे दोन पराभव मी मनाशी धरूनच चालले होते. किम सो-याँग आणि काँग ही-याँग ही कोरियाची जोडी टोकियोत कांस्य घेऊन गेलेली, आणि जपानच्या मात्सुयामा-शिदा यांनी तर पुढे याच ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मात्र एक विजय पदरात पडेल असं वाटलं होतं. पडला नाही.

सामना संपल्यावर अश्विनी पत्रकारांसमोर आली आणि रडली. हे माझं शेवटचं ऑलिंपिक, तनिशाला मात्र अजून खूप पुढे जायचंय, असं ती म्हणाली. मनाला हे फार झिजवतं, वय कमी असताना सोसता येतं, आता पुन्हा यातून जाणं मला झेपणार नाही, अशा अर्थाचं ती बोलत होती. चौतिसाव्या वर्षी, तिसऱ्या ऑलिंपिकनंतर.

मी विद्यापीठापर्यंत दुहेरीच खेळले. दुहेरीत हरल्यावरचं रडणं एकेरीपेक्षा वेगळं असतं. एकेरीत माणूस स्वतःवर चिडतो. दुहेरीत शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे बघवत नाही. त्यात ती तुमच्याहून तेरा-चौदा वर्षांनी लहान असेल आणि तिचं हे पहिलंच ऑलिंपिक असेल तर विचारूच नका. अश्विनीने रडता रडता तनिशाचं नाव घेतलं, ते मला फार लागलं.

हे मी तेव्हाच लिहिणार होते, पण राहून गेलं. आता दोन आठवड्यांनी नवीन बातमी आली. पॅरिसच्या तयारीसाठी कोणावर किती खर्च झाला त्याची यादी छापून आली आणि त्यात अश्विनीच्या नावापुढे जवळपास दीड कोटी. तिने लगेच जाहीरपणे विचारलं की हे पैसे मला कोणी दिले आणि कशासाठी? तिचं म्हणणं असं: गेल्या नोव्हेंबरपर्यंत मी स्पर्धा स्वतःच्या पैशाने खेळले, ट्रेनरचे पैसे मी स्वतः भरते, टॉप्स या ऑलिंपिकच्या निवडक खेळाडूंसाठीच्या सरकारी योजनेत मला घेतलं ते पात्र ठरल्यानंतर, आणि पॅरिसला माझा प्रशिक्षक सोबत द्या म्हटलं तर नकार मिळाला. पैसे मिळाले नाहीत ही माझी तक्रार नाही, पण मिळाले असं साऱ्या देशाला सांगता हे मला मान्य नाही, असाही तिचा सूर होता.

आता एक हिशेब मांडते. दुहेरीची पॅरिससाठीची पात्रता मोजली गेली १ मे २०२३ ते २८ एप्रिल २०२४ या काळात. बारा महिने. त्यातले निम्म्याहून जास्त महिने, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत, ही मुलगी स्वतःच्या खिशातून तिकिटं काढत होती. पात्र ठरायचं की नाही हे ठरतं तेव्हा पैसा नाही, आणि ते ठरून गेल्यावर पैसा. मला या धाग्यावर एवढंच बोलायचंय. ते अश्रू फक्त ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याचे होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी या बारा महिन्यांकडे बघावं.

तुम्हाला काय वाटतं?


मांडवीकाठ

धागा काढलात, बरं केलंत. गोव्यात आम्ही तनिशाचे सामने पहाटे-रात्री जागून बघितले. तिचा जन्म दुबईचा, पण घराणं गोव्याचं, आणि ती गोव्याकडून खेळते. आमच्याकडे फुटबॉलचं वेड केवढं ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्या गोव्यात माझ्या पुतणीने या वर्षी पहिल्यांदा बॅडमिंटनची रॅकेट मागितली, ती तनिशाला टीव्हीवर बघून.

तुम्ही म्हणता तसं मी अश्विनीचं बोलणं परत ऐकलं. स्वतःबद्दल बोलताना आवाज फुटत होता, आणि तनिशाचं नाव आलं की सावरत होता. मोठी बहीण असते तशी.


रोखठोक

कोणाच्या रडण्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. पण दुसरी बाजूही यायला हवी. पॅरिसच्या तयारीवर सरकारने एकूण सुमारे ४७० कोटी खर्च केले. त्यात बॅडमिंटनवर ७२ कोटी, अ‍ॅथलेटिक्सच्या खालोखाल सगळ्यात जास्त. पदकं किती? बॅडमिंटनमध्ये शून्य. पुरुष एकेरीत लक्ष्य सेन कांस्याच्या सामन्यात मलेशियाच्या ली झी जियाविरुद्ध पहिला गेम २१-१३ घेऊन पुढचे दोन हरला.

त्यानंतर प्रकाश पदुकोण स्पष्ट बोलले. सरकार आणि महासंघ जे करायचं ते करतायत, आता खेळाडूंनी जबाबदारी घ्यावी. हे बोलणारा माणूस १९८० साली ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनची मानाची स्पर्धा जिंकलेला आहे, आणि त्या काळात त्याला यातलं काहीच मिळत नव्हतं. सुनील गावसकरांनीही त्यांची बाजू घेतली. दर पराभवानंतर निधीचं कारण पुढे करायचं का?


दुहेरीवाली

रोखठोक, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. पदुकोणांचं म्हणणं एकेरीच्या अव्वल खेळाडूंपुरतं मला पटतं. परदेशी प्रशिक्षक, फिजिओ, मानसोपचारतज्ज्ञ, हवी ती स्पर्धा, हे सगळं ज्यांना मिळालं त्यांनी जबाबदारी घ्यायलाच हवी. पण अश्विनीने तेव्हाच त्यांना उत्तर दिलं होतं. खेळाडू जिंकला की श्रेय घ्यायला सगळे पुढे, हरला की दोष एकट्या खेळाडूचा, मग तयारी कमी पडली याचा जाब प्रशिक्षकांना का नाही, असा तिचा प्रश्न होता. तो मला रास्त वाटतो.

आणि ७२ कोटी हा साऱ्या बॅडमिंटनचा तीन वर्षांचा आकडा आहे. त्यातलं कोणाला, कधी आणि कोणत्या रूपात मिळालं, हे त्या आकड्यात दिसत नाही.


लेखापाल

मी सरकारी हिशेबात तीसेक वर्षं काढली, म्हणून थोडं स्पष्ट करतो. इथे दोन्ही बाजू खरं बोलत असू शकतात.

क्रीडा प्राधिकरणाने जे सांगितलं त्यात दोन आकडे आहेत. टॉप्सखाली साडेचार लाख, आणि एसीटीसीखाली १ कोटी ४८ लाख. टॉप्स ही २०१४ साली सुरू झालेली योजना, तीत खेळाडूचं नाव असतं, त्याचे प्रस्ताव मंजूर होतात, मुख्य गटातल्या खेळाडूला महिना ५० हजार हातखर्च मिळतो. एसीटीसी म्हणजे महासंघाचं वर्षभराचं प्रशिक्षण आणि स्पर्धांचं नियोजन. राष्ट्रीय शिबिरं, परदेशी प्रशिक्षकांचं मानधन, संघाचा प्रवास, राहणं, साहित्य. हा पैसा खेळाडूच्या खात्यात जात नाही. महासंघामार्फत खर्च होतो आणि मग तो खेळाडूंच्या नावे मांडला जातो.

अश्विनीचं म्हणणं असंच होतं की ही रक्कम सगळ्या खेळाडूंच्या शिबिराची मिळून आहे. शिबिरात वीस जण असतील आणि एक परदेशी प्रशिक्षक असेल, तर त्या प्रशिक्षकाच्या पगाराचा वाटा प्रत्येकाच्या नावे पडतो. हिशेबाच्या दृष्टीने ते चूकही नाही. पण तोच तक्ता वर्तमानपत्रात ‘अमुकला इतके मिळाले’ म्हणून छापला की वाचणाऱ्याला वाटतं चेक दिला. ‘हिच्यावर खर्च झाले’ आणि ‘हिला मिळाले’ यांत खूप अंतर आहे. तक्त्यात खर्च काढला त्याची तारीखही हवी होती. तारीख असती तर तुमचा नोव्हेंबरचा मुद्दा आपोआप दिसला असता.


कृष्णाकाठचा

लेखापालांनी नीट उलगडून सांगितलं. धन्यवाद.

आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगतो. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. पदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि खाशाबांनी पुढे कुस्त्या मारून ते कर्ज फेडलं. आम्ही ही गोष्ट अभिमानाने सांगतो. पण मास्तरने घर गहाण टाकलं याचा अभिमान किती धरायचा आणि ते टाकावं का लागलं हे कधी विचारायचं? अर्जुन पुरस्कार तर त्यांना मरणोत्तर मिळाला. ७२ वर्षं झाली. अजून खेळाडूच आधी खिशात हात घालतोय.


एक पालक

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. पण आज लिहितो.

माझी मुलगी १५ वर्षांची, दुहेरी खेळते. ‘दुहेरीवाली’ ताईंनी तिकिटांचा हिशेब लिहिला तो वाचून रात्री झोप लागली नाही. आमचा हिशेब ऐका. पिसांच्या शटलची बाराची ट्यूब, चांगली घ्यायची तर दोन हजारांच्या पुढे. सरावात दोन मुलींना एका दिवसात चार-पाच फुलं सहज लागतात, जोरात मारणारी असेल तर आणखी. रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा बदलणं, दर दहा-बारा दिवसांनी. बूट सहा महिन्यांत जातात. अकादमीची फी वेगळी, फिजिओ वेगळा. आणि स्पर्धा म्हटली की दोघांची तिकिटं, कारण एवढ्या मुलीला एकटं कसं पाठवायचं? मी एका कारखान्यात स्टोअरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या, अजून तिथेच आहेत.

मागच्या वर्षी ती राज्याच्या संघात निवडली गेली. खर्च परत मिळेल असं सांगितलं होतं. बिलं दिली, झेरॉक्स दिल्या, परत दिल्या. नऊ महिन्यांनी निम्मी रक्कम आली. नाव कोणाचं घेत नाही, मुलीला अजून तिथेच खेळायचंय.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मे महिन्यात एका मानांकन स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली. कोर्टवर रडली नाही. जोडीदारणीला धीर देत होती. रात्री परतीच्या गाडीत वरच्या बर्थवरून तिने विचारलं, “बाबा, आता पुढची एंट्री भरायची की थांबायचं?” मी म्हटलं भरायची. मग बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं झोपली. उठून बघितलं तर उशीत तोंड घालून रडत होती. हरल्याचं तिने कोर्टवर सोसलं होतं. पैशाचं सोसत नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलीने प्रत्येक चुकलेल्या सर्व्हिसला रुपयांत मोजायला सुरुवात केली की ती मोकळी कशी खेळणार?

अश्विनीला पडद्यावर बघताना मला माझी मुलगी दिसली. एवढंच.


दुहेरीवाली

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मुलीला माझ्याकडून सांगा की नेटजवळ उभी राहून जी जोडीदारणीला हरताना धीर देते, तिला दुहेरी समजली. बाकीचं शिकवता येतं, हे नाही.

तुम्ही जे सांगितलंत ते मला नेमक्या शब्दांत मांडता येत नव्हतं. स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या खेळाडूच्या डोक्यात कोर्टवर एक जास्तीचा प्रतिस्पर्धी असतो. १९-१९ ला सर्व्हिस करताना हात आखडतो तो त्यामुळे. हा भार कोणत्या फिटनेस चाचणीत मोजला जात नाही.


जुना खेळाडू

भार म्हणाल तर पोटाचाही असतो. लॉस एंजेलिस, १९८४. ४०० मीटर अडथळ्यांत पी. टी. उषाचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. ५५.४२ विरुद्ध रुमानियाच्या कोजोकारूचे ५५.४१. आपण सगळे हा आकडा सांगतो. पण उषाने स्वतः पुढे सांगितलंय की तिथे मानवेल असं खाणं नव्हतं, भाताची पेज आणि लोणचं यावर दिवस काढले, आणि शेवटच्या टप्प्यात अंगात ताकद उरली नाही. आहारतज्ज्ञ सोडा, सोबत कोणी सामान घेऊन गेलं नव्हतं. आणि आज तीच उषा भारतीय ऑलिंपिक संघटनेची अध्यक्ष आहे. अश्विनीचं बोलणं तिने ऐकलं असेल अशी मला आशा आहे. ते कळण्यासाठी तिला कोणाच्या अहवालाची गरज नाही.


रोखठोक

पालकांचा प्रतिसाद वाचला. त्यांच्याशी माझा वाद नाही, असूच शकत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी प्रामाणिकपणे विचारतो. पैसा मर्यादित आहे. जो अजून पात्रच ठरला नाही त्याच्यावर किती लावायचा? महिला दुहेरीत २०२३ मध्ये साऱ्यांचं लक्ष ट्रीसा जॉली आणि गायत्री गोपीचंद यांच्याकडे होतं, आणि ते साहजिक होतं. लागोपाठ दोन वर्षं त्या ऑल इंग्लंडच्या उपांत्य फेरीत गेल्या होत्या. एका देशाच्या दोन जोड्या ऑलिंपिकला जायच्या तर दोन्ही जागतिक क्रमवारीत पहिल्या आठात हव्यात. म्हणजे व्यवहारात एकच जाणार. निवड समितीत तुम्ही असता तर तेहतीस वर्षांच्या खेळाडूच्या नव्या जोडीवर पैसे लावले असते?


दुहेरीवाली

हो, लावले असते. भावनेने म्हणत नाही.

अश्विनी म्हणजे कोण ते आधी पाहू. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि २०११ चं जागतिक कांस्य, दोन्ही ज्वाला गुट्टासोबत. महिला दुहेरीत भारताला जागतिक पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ. २०१२ च्या लंडनला या दोघी गटात दोन सामने जिंकून बाहेर पडल्या, कारण तीन जोड्यांचे विजय सारखे झाले आणि गुणांच्या फरकात भारत एका गुणाने मागे राहिला. तेव्हा जपानच्या जोडीच्या शेवटच्या सामन्याबद्दल भारताने तक्रार केली होती, ती मान्य झाली नाही, आणि तीच जपानची फुजी-काकीइवा जोडी पुढे रौप्य घेऊन गेली. २०१६ च्या रिओत तीनही सामने गेले. टोकियोला पात्रता हुकली. म्हणजे पॅरिसमधल्या त्या अश्रूंमागे बारा वर्षांपूर्वीचा एक गुणही होता.

आता २०२३. तनिशासोबत नवी जोडी जमवली. जूनमध्ये फ्रान्समधल्या नांतची स्पर्धा जिंकल्या. ऑक्टोबरमध्ये अबू धाबी मास्टर्स. डिसेंबरमध्ये लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत उपविजेत्या, आणि पुढच्याच आठवड्यात गुवाहाटी मास्टर्स जिंकल्या. जागतिक क्रमवारी ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांवर ठरते. म्हणजे गुण मिळवायचे तर आधी खूप खेळायचं, आणि खेळायचं तर आधी खर्च करायचा. मोठ्या स्पर्धांत प्रवेश मिळायला क्रमवारी लागते, म्हणून सुरुवात छोट्या स्पर्धांनी, जिथे बक्षीस सगळ्यात कमी.

किती कमी ते सांगते. सुपर १०० दर्जाची, म्हणजे गुवाहाटीसारखी छोटी स्पर्धा, एकूण बक्षीस एक लाख डॉलर धरा. दुहेरीच्या विजेत्या जोडीला त्याचे ७.९ टक्के, म्हणजे ७,९०० डॉलर. दोघींत वाटायचे. म्हणजे पूर्ण आठवडा खेळून, पहिलं बक्षीस घेऊन, एकीच्या वाट्याला चार हजारांहून कमी डॉलर, त्यातूनही कर जाणार. पहिल्या फेरीत हरलं तर विमानाचं भाडंही सुटत नाही. एकेरीच्या विजेत्याला त्याच स्पर्धेत एकट्याला साडेसात टक्के मिळतात.

नांत जिंकल्यानंतर, निदान अबू धाबीनंतर तरी, कोणीतरी म्हणायला हवं होतं की या दोघी शर्यतीत आहेत, यांची पुढची आठ तिकिटं आम्ही काढतो. ट्रीसा-गायत्रीचं काही काढून घ्यायचं नव्हतं. दोन जोड्या शर्यतीत असल्या की दोघींनाही पोसायचं. विमानाच्या आठ फेऱ्यांनी ७२ कोटींत किती फरक पडला असता?


लेखापाल

फार नाही. पण आपली व्यवस्था ‘झालेल्या’ गोष्टीवर मंजुरी द्यायला सोपी आहे. पात्र ठरला, यादीत नाव आलं, फाइल पुढे सरकते. ‘होईल’ यावर सही करायची तर अधिकाऱ्याला स्वतःचा निर्णय टाकावा लागतो, उद्या लेखापरीक्षणात तो विचारला जातो. मी स्वतः अशा सह्या टाळल्या आहेत, आणि त्याचं आज वाईट वाटतं.


लंडनहून

इथे राहून सोळा वर्षं झाली, क्लबमध्ये खेळतो. परदेशात सगळं आलबेल असतं असं कोणाला वाटत असेल तर एक उदाहरण. २०१६ ला रिओत ब्रिटनच्या मार्कस एलिस आणि ख्रिस लँग्रिज यांनी पुरुष दुहेरीत कांस्य मिळवलं. त्यानंतर काही महिन्यांत यूके स्पोर्टने, म्हणजे इथल्या खेळांना सरकारी निधी वाटणाऱ्या संस्थेने, टोकियोच्या तयारीसाठी बॅडमिंटनचा निधी शून्यावर आणला. पदक मिळवूनही. पुढे पदकाची आशा कमी, एवढ्यावर. ते वाचून आमच्या क्लबमधले म्हातारे सदस्यही हादरले होते.

म्हणजे ‘पदकाची खात्री असेल तिथेच पैसा’ हा नियम काटेकोर लावला तर काय होतं ते इथे पाहिलंय. फरक एवढाच की इथे निर्णय आधी जाहीर झाला, रकमेसकट. आपल्या नावावर किती आणि कशासाठी, हे खेळाडूला वर्तमानपत्रातून कळलं नाही.


मांडवीकाठ

दुहेरी खेळणाऱ्या मुंबईच्या चिराग शेट्टीचं आठवतं ना? याच जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेल्या क्रिकेट संघाला ११ कोटी जाहीर केले. त्यावर तो बोलला की २०२२ चा थॉमस कप, म्हणजे पुरुषांची सांघिक जागतिक स्पर्धा, जिंकणाऱ्या संघात मी महाराष्ट्राचा होतो, मला साधं बोलावणंही आलं नाही. क्रिकेटपटूंवर त्याचा राग नव्हता, ते त्याने सांगितलंही. थॉमस कप भारताने त्याआधी कधीच जिंकला नव्हता. अंतिम फेरीही पाहिली नव्हती.


एक पालक

आमच्या घरी थॉमस कपचा तो सामना सकाळपासून लावून बसलो होतो. मुलीने त्या दिवशी ठरवलं दुहेरीच खेळायची. चिरागमुळे.


दुहेरीवाली

प्रशिक्षकाचं राहिलं. अनेकांना वाटतं, ऑलिंपिकला पोचल्यावर प्रशिक्षकाने काय शिकवायचं? शिकवत नाहीच. पण बॅडमिंटनमध्ये ११ गुणांवर साठ सेकंदांची विश्रांती असते, आणि दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आलेला माणूस दोन वाक्यं सांगतो. तू मागे ओढली जातेयस. हिच्या बॅकहँडवर सर्व्हिस कर. वर्षभर रोज तुमचा खेळ पाहिलेला माणूस ती दोन वाक्यं बरोबर सांगतो. दुसरा कितीही मोठा असला तरी त्याला तुमचं नेमकं काय बिघडलंय हे साठ सेकंदांत कळत नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध दुसरा गेम १०-२१ ने गेला. तिथे कोणी बसला असता तर जिंकल्या असत्या असं मी म्हणणार नाही. पण तिने मागितलं होतं ते चैनीचं नव्हतं.


रोखठोक

प्रशिक्षकाच्या मुद्द्यावर सहमत. त्या यादीत तारखा आणि तपशील हवे होते, हेही मान्य. पदुकोणांच्या म्हणण्यावर मी अजून ठाम आहे, पण ते अश्विनीला लागू होत नाही हे आता पटलं. पालकांना एक विचारतो. तुमच्या मुलीची पुढची स्पर्धा कोणती? मला निरोप पाठवा. एका स्पर्धेचा खर्च मी करीन, परतफेड नको.


एक पालक

काय लिहू कळत नाही. निरोप पाठवला आहे. पैसे घ्यायचे की नाही ते घरी बोलून ठरवतो, रागावू नका.


कृष्णाकाठचा

घ्या दादा. खाशाबांनीही घेतले होते.


मांडवीकाठ (८ डिसेंबर २०२४)

धागा वर आणतोय. आज गुवाहाटी मास्टर्सचा अंतिम सामना. अश्विनी आणि तनिशा यांनी चीनच्या ली हुआझौ आणि वांग झिमेंग यांना २१-१८, २१-१२ असं हरवलं. गेल्या वर्षीचं जेतेपद राखलं.


दुहेरीवाली

पाहिला! पहिला गेम शेवटपर्यंत अडकला होता. जिंकल्यावर दोघी हसत होत्या. ऑलिंपिक शेवटचं म्हणाली होती, खेळणं शेवटचं म्हणाली नव्हती. ती अजून सुपर १०० खेळतेय, पस्तिसाव्या वर्षी, त्याच बक्षिसासाठी.

पालक दादा, तुमच्याकडे काय?


एक पालक

उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. तिसऱ्या गेममध्ये १९-२१. रडली, पण कोर्टवरच, जोडीदारणीच्या गळ्यात पडून. गाडीत बसल्यावर जेवली आणि झोपली. पुढची एंट्री मी तिला न विचारता भरली.